कुंपणातले भोक

सोमवारी सकाळी अन्सुमाना जेजू डकारच्या शहरी रेल्वेच्या कचेरीत आला, तर टेबलावर पुन्हा तोच कागद. केर ससूम वस्तीजवळ कुंपणाची जाळी कापलेली आहे. सहा महिन्यांतली ही नववी वेळ. कुंपणाची देखभाल अन्सुमानाकडे होती आणि त्या एका भोकापायी त्याला दर महिन्याला साहेबांची बोलणी खावी लागत.

"शिस्त म्हणून नाही लोकांना," तो शेजारच्या कारकुनाला म्हणाला. "गाडी विजेची, जवळ येईस्तोवर कळत नाही. तरी रूळ ओलांडायचे. काही झालं की आमच्याच नावानं ओरडायला मोकळे."

या वेळी मात्र गोष्ट थोडक्यात निभावली होती. शुक्रवारी शाळेतून घरी निघालेली एक मुलगी गाडीखाली येता येता वाचली. गाडी तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली. चालक खाली उतरला तो पुन्हा चढलाच नाही; पुढे गाडी न्यायला दुसरा माणूस बोलवावा लागला.

अन्सुमाना दोन वेल्डर घेऊन केर ससूमला पोचला. भोकाला पाठ लावून एक म्हातारी बसली होती, पुढ्यात वाळलेल्या माशांचे टोपले. तिचे नाव कोडू फाय, पण सारी वस्ती तिला याय कोडू, म्हणजे कोडूआई, म्हणत असे.

"याय, जरा उठता का? जाळी जोडायची आहे."

"आडनाव काय रे तुझं?"

"जेजू."

"म्हणजे जोला. तरीच! भात खाऊन पेंगणारे लोक तुम्ही. आम्हा सेरेरांचे नोकर."

सेरेर आणि जोला या दोन जमातींत ही थट्टा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ती कोणी मनाला लावून घेत नाही.

"आणि तो भात आमच्याच घरून पळवता, त्याचं काय?" अन्सुमाना म्हणाला. वेल्डर हसले. म्हातारीही हसली, पण जागची हलली नाही.

"हे भोक कोण पाडतं, तुम्हाला ठाऊक असेलच," त्याने विचारले.

"आहे ठाऊक. सांगणार नाही. पण का पाडतात ते दाखवते. माझं टोपलं उचल आणि चल पलीकडे, तुझ्या कायद्याच्या वाटेनं."

वेल्डरांना भोकापाशी उभे करून अन्सुमानाने टोपले डोक्यावर घेतले. कायद्याची वाट म्हणजे रुळांखालचा बोगदा. तिथवर जाऊन तो पायऱ्यांवरच थांबला. आत मांडीएवढे काळे पाणी साचले होते. पाणी उपसणाऱ्या पंपाच्या खोलीला गंजके कुलूप होते. एक पोटुशी बाई पाणी पाहून मुकाट मागे फिरली. तिला पलीकडच्या दवाखान्यात जायचे होते.

"आता?" अन्सुमानाने विचारले.

"आता पुढच्या स्टेशनचा पूल. चल की, एवढ्यात दमलास?"

वाट सगळी वाळूची. ऊन चढलेले. घाम मानेवरून ओघळत होता आणि बुटांत वाळू भरली होती. पूल चढून पलीकडे, तिथून परत वस्तीसमोर येईपर्यंत पाऊण तास गेला. शाळा इकडे, दवाखाना इकडे, बाजारही इकडेच. रुळांपलीकडे हाकेच्या अंतरावर त्याचे वेल्डर उभे दिसत होते.

टोपले खाली ठेवून तो म्हणाला, "पण याय, म्हणून पोरींनी गाडीपुढे जायचं?"

म्हातारीने टोपले जवळ ओढले. मग हळू आवाजात म्हणाली, "शुक्रवारची ती पोर माझी नात. आमिनाता. मीच तिला भोकातून पाठवायची. वेळ वाचतो, असं म्हणायची. तेव्हापासून दिवसभर तिथं बसते. मासे विकायला नाही, कोणी आत जाऊ नये म्हणून."

"पंपाची तक्रार करायची होतीत," अन्सुमाना म्हणाला.

"तीनदा केली. वस्तीच्या मुखियानं स्वतः अर्ज नेऊन दिले तुमच्या कचेरीत."

ते अर्ज अन्सुमानाला आठवले. तिन्ही त्याच्याच टेबलावर आले होते. तिन्हींवर त्यानेच लिहिले होते, 'हा विषय आमच्या विभागाचा नाही', आणि ते फडताळात टाकले होते.

त्याने तिथूनच साहेबांना फोन लावला.

"पंप आपल्याकडे येत नाही, जेजू," साहेब म्हणाले.

"कुंपण येतं ना, साहेब? बोगदा बुडालेला असेल तर कुंपण टिकायचं नाही. दहाव्यांदा जोडलं तरी नाही."

"बरं. लेखी दे."

अन्सुमानाने लेखी दिले, आणि या खेपेला कागदामागे स्वतः या टेबलावरून त्या टेबलावर फिरला. गुरुवारी कुलूप तुटले. पंप धड होता. त्याच्या तोंडाशी वाळू आणि प्लास्टिक अडकले होते. त्यातला निम्मा कचरा वस्तीचाच होता, हे याय कोडूने सगळ्यांसमोर बोलून दाखवले. बायकांनी बादल्यांनी गाळ उपसला. सोमवारपासून तोवर भोकापाशी आळीपाळीने कोणी ना कोणी बसून राहिले. शनिवारी बोगदा कोरडा झाला, आणि मगच वेल्डरांनी जाळी जोडली.

पुढे दोन महिन्यांनी पंप पुन्हा अडला आणि जाळी पुन्हा कापली गेली. कागद टेबलावर येताच अन्सुमाना उठला, पण आधी भोकाकडे गेला नाही, पंपाकडे गेला. तिथे याय कोडू बादली घेऊन त्याच्या आधीच हजर होती.

मित्रहो, नियम मोडणाऱ्याला नावे ठेवणे सोपे असते. त्याआधी नियमाची वाट एकदा स्वतः चालून पाहावी. ती बंद असेल तर खुली करणे हे खुर्चीवरच्या माणसाचे काम आहे. आणि ती खुली असेल, तर चार पावले वाचवण्यासाठी लेकराला रुळांवर पाठवू नये, हे आपले.