घरचं रक्त

ताईच्या ऑपरेशनसाठी काकानं रक्त दिलं आणि पिशवी न्यायला तो लगेच काउंटरवर येऊन उभा राहिला. मी त्याच रक्तपेढीत तपासणीचं काम करते. "तपासल्याशिवाय पिशवी हलणार नाही," मी म्हटलं.

"घरच्या रक्ताला कसली तपासणी? मी काय रस्त्यावरचा आहे?" तो सगळ्यांदेखत माझ्यावर खेकसला.

तपासणीत काविळीचा विषाणू सापडला. ताईला दुसरी पिशवी दिली आणि काकाला बाजूला घेऊन निकाल सांगितला.

ताई आता ठणठणीत आहे. काका मात्र घरभर बोंबलतो, "हिनं हट्टापायी माझं रक्त फेकून दिलं!" आईसुद्धा मान डोलावते. दात्याचा निकाल कुणाला सांगायचा नाही, हा आमचा नियम, म्हणून मी दातओठ खात ऐकून घेते. आणि डॉक्टरकडे जायचं असलं की ह्याला गुपचूप न्यायला मीच लागते!