टेकडीची फाइल लाल झाली

सोमवारी मुख्यमंत्री कार्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर पाय ठेवायला जागा नसायची. आमदार, ठेकेदार, खात्यांचे सचिव, एकदा तर चक्क एक निवृत्त न्यायाधीश, सगळे माना वर करकरून आत बघत उभे. आत लांब टेबलावर फाइलींची चळत आणि तिच्यामागे महाराज. ते फाइल उघडायचे, डोळे मिटायचे आणि चांदीच्या भांड्यातलं मंतरलेलं पाणी टिपणाच्या कागदावर शिंपडायचे. कागद पांढरा राहिला तर काम शुभ. लाल झाला तर त्यावर सही करणाऱ्याची खुर्ची गेलीच म्हणून समजा.

"माणूस खोटं बोलेल, बाळांनो, अधिकारी खोटं बोलेल," महाराज म्हणायचे, "पण कागद खोटं बोलत नाही. कागदाला पोट नसतं!"

महाराजांना होतं, आणि चांगलं गरगरीत होतं.

मी तिथली आवक कारकून. आलेला कागद नोंदवायचा, क्रमांक टाकायचा, शिक्का मारायचा. रसायनशास्त्राची पदवी घेऊन तीस वर्षं शिक्के मारतेय, त्यामुळे नशिबावर माझा राग आहे, विश्वास नाही. हे सगळं थोतांड आहे हे मला पहिल्याच सोमवारी वाटलं होतं. पण निवृत्तीला दोनच वर्षं उरली होती. 'आपल्याला काय करायचंय' हा मंत्र मीही चार महिने जपला.

आमचे साहेब अडाणी नव्हते, इंजिनिअर होते. पण सरकार दोन मतांच्या बहुमतावर उभं होतं आणि आधीचे दोघे मुख्यमंत्री वर्षाच्या आत घरी गेले होते. खुर्ची डुगडुगायला लागली की पदवी भिंतीवरच राहते. महाराजांना आणलं ते साहेबांच्या स्वीय सहायकाने. तो सदान्‌कदा साहेबांच्या पाठीशी, म्हणून आम्ही त्याला सावली म्हणायचो. फाइली शनिवारी सावलीच्या खोलीत जायच्या आणि सोमवारी महाराजांपुढे यायच्या. लाल झालेल्या फाइलीला उतारही होता. ज्याचं काम अडलं तो सावलीला 'भेटून' गेला, की पुढच्या सोमवारी महाराज दुसऱ्या बाटलीतलं पाणी शिंपडत आणि लाली उतरत असे.

मग टेकडीची फाइल आली. भूगर्भतज्ज्ञाने लिहिलं होतं: खाणीच्या सुरुंगांनी टेकडीला भेगा पडल्या आहेत, खाण बंद करा, पायथ्याची चाळीस घरं पावसाआधी हलवा. त्या चाळीसातलं एक माझ्या ताईचं.

पहिल्या सोमवारी फाइल लाल झाली. दुसऱ्या सोमवारी पुन्हा लाल. खाणवाला त्या दिवशी बाहेर पेढा खाल्ल्यासारखं तोंड करून बसला होता.

शुक्रवारी ताईचा फोन आला. "शेजारची शिंपीण गेली गं. वरून दगड आला तो थेट मशिनवर. आमच्या मधल्या भिंतीत आता हात जातो."

"ताई, तू आजच माझ्याकडे ये."

"आणि यांना? अंथरुणाला खिळलेल्या माणसाला तुझ्या तीन जिन्यांवर कोण चढवणार? आणि बाकीची घरं? तू सरकारात आहेस ना? एवढी एक सही होत नाही तुमच्याकडून?"

मी फोन ठेवला आणि खूप रडले. शिंपिणीने माझ्या दोन पोलक्यांना हुक लावून दिले होते.

तिसऱ्या सोमवारी सावली फाइलींचा गठ्ठा घेऊन जिना चढत होता. सफाईवाल्या मावशी पायऱ्या घासत होत्या. वरची, टेकडीची फाइल घसरली, उघडी पडली आणि मावशींनी ती ओल्या हातानेच उचलून दिली. गेल्या सोमवारची लाली वाळून उडालेल्या टिपणाच्या कागदावर त्यांची पाचही बोटं उमटली. लालभडक.

"अगं अवदसे!" सावली किंचाळला. गर्दी दोन पावलं मागे सरली. महाराज दारात आले, बोटं पाहिली आणि क्षणभर, फक्त क्षणभर, त्यांचाच चेहरा उतरला. मग म्हणाले, "या हाताला पाप लागलंय. हिला बाहेर काढा."

"मी नुसती उचलली हो," मावशी म्हणाल्या. "नोकरी नका घालवू माझी."

मी गर्दीतून वाट काढत पुढे गेले. कागद जवळून पाहिला. आम्ही सगळे लाल म्हणत होतो, पण रंग गुलाबी होता. भीती बसली की माणूस गुलाबीलाही रक्त म्हणतो.

"मावशी, बादलीत काय आहे?"

"धुण्याचा सोडा, बाई. रोजचाच."

कॉलेजात हा गुलाबी रंग मी शेकडो वेळा पाहिला होता. मी फाइल आणि बादली उचलली आणि सरळ आत, साहेबांपुढे गेले.

"बाई, जागेवर जा," सावली मागून ओरडला.

"साहेब, दोन मिनिटं द्या. नंतर हवं तर घरी पाठवा."

मी कागदाचं नवं बंडल फोडलं. एका कागदावर महाराजांचं पाणी शिंपडलं. पांढराच. तेच पाणी टेकडीच्या टिपणावर. गुलाबी. शेजारी बादलीतलं पाणी. तसंच गुलाबी. साहेबांच्या पेल्यातलं लिंबूपाणी त्यावर ओतलं. रंग गेला.

"फिनॉल्फ्थॅलिन, साहेब. शाळेच्या प्रयोगशाळेतही मिळतं. स्पिरिटमध्ये विरघळवून कागदाला लावलं आणि वाळलं की दिसत नाही, सोड्याचं पाणी लागलं की गुलाबी होतं, आंबट लागलं की जातं. जी फाइल अडवायची, तिच्यावर शनिवारी हात फिरवायचा. बस."

"अश्रद्ध हातात पाणी निस्तेज होतं!" महाराज गरजले.

"मग मावशीच्या बादलीतलं एवढं तेजस्वी कसं झालं?"

बाहेर कोणीतरी फिस्सकन हसलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी पेन काढून त्याच ओल्या कागदावर सही केली. "हे या मजल्याबाहेर जाता कामा नये," एवढंच म्हणाले.

चौकशी झाली नाही. महाराज मागच्या लिफ्टने गेले, सावलीची बदली झाली. माझीही झाली, तळघरातल्या अभिलेख कक्षात. चाळीस घरं नऊ दिवसांत हलली आणि पंधराव्या दिवशी टेकडी खाली आली. ताईच्या घराच्या जागी आता नुसता चिखल आहे. ताई आणि भावोजी शाळेच्या वर्गात राहतात, पण राहतात.

शिंपीण मात्र नाही. अहवाल नऊ पानांचा होता. तीन सोमवार तो टेबलावर होता आणि कोणी पान उलटलं नाही, सगळे रंग बघत बसले. कागद बोलत नाही हो, कागद वाचावा लागतो. कोणी पाणी शिंपडायला लागला, मग तो कोणत्याही मजल्यावर असो, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा: पाण्यात काय आहे? मावशींनी उत्तर एका दमात दिलं. मला विचारायला चार महिने लागले.