फोनमधला कान

लेकीने नवा फोन हातात ठेवला तेव्हा मास्तरांना वाटलं, आता आपण बोलायचं, एवढंच काम. पण सकाळपासून फोनच बोलत होता. तुम्ही कुठे आहात ते कळू द्याल का, तुमचे फोटो बघू का, आवाज ऐकू का, ओळखीची माणसं कोणकोण ते सांगाल का. मास्तरांचं शिवणकामाचं दुकान गिऱ्हाइकांवर चालायचं. नाही म्हणायची जीभच नव्हती. दर वेळी त्यांनी 'होय'वर बोट ठेवलं. इतक्या आपुलकीने चौकशी करून फोनने पुढे कसलीच मदत केली नाही, हे मात्र त्यांना खटकलं. लेकीच्या शिकवणीतलं डोक्यात राहिलं ते एकच. लाल बटण दाबलं की बंद.

त्यात आज मखमल कापायची होती. गर्द हिरवी, एका गायिकेच्या कोटाची, पुन्हा न मिळणारी. मखमलीची लव एकाच दिशेला झुकते. पाठ सुलट बेतली नि बाही उलटी, तर एकाच कोटाला दोन रंग दिसतात. पूर्वी असलं कापड थोरले भाऊ कापायचे, मास्तर नुसते शिवायचे. नऊ वर्षांपूर्वी दादा चारचौघांत म्हणाले होते, "ह्याच्या हातात कात्री देऊ नका, सुई द्या." मास्तरांनी वेगळं दुकान थाटलं, दादांशी बोलणं टाकलं आणि साध्यासुध्या कापडावर निभावून नेलं. मखमल आज पहिल्यांदाच. ती बिघडली तर दादा खरे ठरणार होते.

पाठ कापून झाली आणि फोन थरथरला. पुन्हा परवानगी हवी असेल, म्हणून मास्तरांनी बोट लावलं. लेकीने भरून दिलेली ओळखीच्या माणसांची यादी सरसर सरकली, काहीतरी वाजलं. आता डोळ्यांसमोर तरी राहील, म्हणून त्यांनी तो खडूच्या डब्याला टेकवून उभा केला.

थोड्या वेळाने बघतात तर पडद्यावर एक भलामोठा कान. वयस्क, केसाळ. कोपऱ्यातल्या चौकोनात स्वतः मास्तर, हातात कात्री. जाहिरात म्हणावी, तर कान कोण विकतं? त्यांनी चष्मा पुसला. कान हलला. पाळीला खाच होती.

ती खाच त्यांनीच पाडलेली, लहानपणी, केस कापून देतो म्हणून.

दादा फोनमध्ये काय करताहेत ते मास्तरांना कळेना. लाल बटण समोर होतं, पण हात जाईना. आपण काही पाहिलंच नाही अशा चेहऱ्याने ते मखमलीकडे वळले. बाहीचा कागद ठेवला, खडू फिरवला, कात्री उघडली.

तेवढ्यात कानाच्या जागी एक डोळा आला, मागोमाग अर्धा चष्मा.

"थांब. लव उलटी आहे."

मास्तरांनी कापडावरून तळहात फिरवला. उलटीच होती. त्यांनी मुकाट्याने कागद फिरवला आणि बाही एका दमात कापली. फोनमधून घसा खाकरल्याचा आवाज आला.

"पाठ बरी बेतलीये," दादा म्हणाले. "कोणी कापली?"

"मीच."

दादांचा पुन्हा कान झाला.

"हे बंद कुठून करायचं रे?"

मास्तरांनी लाल बटणाकडे नीट पाहून घेतलं.

"मला कुठं येतंय, दादा," ते म्हणाले, आणि दुसरी बाहीही दिसावी म्हणून डबा जरासा सरकवला.