हीटरची खोली

माझ्या शेतात तीन मोटारी आहेत आणि तिन्हींना खोल्या आहेत. विटांच्या भिंती, वर पत्रा, लोखंडी दार, दाराला कुलूप. आमच्याकडं मोटार उघड्यावर ठेवली तर सकाळी नुसता पाइप उरतो. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मी पुढं जे केलं ते वाचून कुणी मला अगदीच बावळट म्हणू नये. थोडं म्हटलं तरी चालेल.

घर दिंडोरीच्या अलीकडं, द्राक्षबागेत. घरामागं स्विमिंग पूल आहे. पोहता मला येत नाही. वायनरी बघायला येणाऱ्या लोकांना दोन खोल्या भाड्यानं द्याव्यात म्हणून तो बांधला होता. दोन वर्षं पाहुणे आले. पाण्यात बाटल्या सापडायला लागल्या तेव्हा माझ्या बायकोनं, चांगुणानं, फाटकावरची पाटी काढली आणि स्वतःच पाण्यात उतरली. तिचे गुडघे दुखायचे. डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितलं होतं. जोडीला तिनं दिंडोरीची अनवरीभाभी घेतली. भाभीचा नवरा रहेमान आमचे औषध फवारायचे ब्लोअर आणि ट्रॅक्टर दुरुस्त करतो, तीस वर्षांची ओळख. या दोघी सलवार-कमीज घालून छातीएवढ्या पाण्यात फेऱ्या मारायच्या आणि एवढ्या मोठ्यानं बोलायच्या की बागेतल्या बायका छाटणी थांबवून ऐकायच्या.

थंडीत मात्र आमच्याकडं पाण्याला हात लावायची सोय नाही. चांगुणा म्हणायची, हीटर बसवा. मी म्हणायचो, बघतो. आणि मी खरंच बघत होतो. दोन हिवाळे मी कोटेशनं बघितली.

श्रावणात ती गेली. सकाळी चहा ठेवला होता, तो उतूही गेला नव्हता, एवढ्यात.

दिवाळीनंतर अनवरीभाभीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ते करायला ती घाबरत होती, तिला चांगुणानंच तयार केलं होतं. "तू ऑपरेशन करून घे, थंडीत गरम पाण्याचं मी बघते," असा शब्द दिला होता. शब्द तिचा आणि हीटर आणायचा मी, अशी आमच्या घरातली वाटणी.

डिसेंबरात रहेमान पंप बघायला आला. मी विचारलं, "भाभींचा पाय कसाय?"

"वाकत नाय, नाना. ऐंशी डिग्रीवर येऊन अडकलाय. डॉक्टर म्हणतो संक्रांतीपर्यंत नव्वदच्या पुढं न्या, नायतर भूल देऊन वाकवावा लागंल. कोमट पाण्यात व्यायाम करा म्हणतो. आता दिंडोरीत कोमट पाणी म्हणजे बादली."

"मग इकडं आणायचं ना."

तो हातातल्या पान्याकडं बघत म्हणाला, "कसं आणणार? घरात बाईमाणूस नाय. आणि नाना, खरं सांगू का, तुमचं पाणी तर बादलीपेक्षा गार."

पहिल्या गोष्टीवर त्यानंच तोड काढली. सून माहेनूर बरोबर येईल आणि तो स्वतः माझ्याजवळ बसेल. दुसरी माझ्याकडं होती. संक्रांतीला पाच आठवडे होते.

दुसऱ्याच दिवशी मी नाशिकला गेलो. पहिल्या दुकानदारानं सोलर दाखवला. छपरावर जवळजवळ पुलाएवढे काळे पाइप अंथरायचे. मी विचारलं, ढग आले तर? तो म्हणाला, तर नाही तापणार. माणूस खरं बोलला म्हणून मला त्याचा रागच आला. दुसऱ्याकडं विजेची कॉइल होती. ती चालवायची तर आमच्या गावाचा ट्रान्सफॉर्मर मला आंदण मिळायला हवा होता. या दोन्ही गोष्टी मला दोन वर्षांपूर्वीच पाठ होत्या. तरी मी पुन्हा माना डोलावत ऐकल्या. सवय.

तिसऱ्या ठिकाणी हर्षाली नावाची इंजिनीअर होती, माझ्या मुलीच्या वयाची. तिनं हीट पंप सांगितला.

"काका, हे मशीन हवा आत ओढतं, त्या हवेतली उष्णता काढतं आणि पाण्याला देतं. फ्रीज उलटा चालवल्यासारखं समजा. विजेचं काम कमी, हवेचं जास्त."

"थंडीतल्या हवेत कसली आलीय उष्णता?"

"असते. आणि चोवीस तास चालवायचंही नाही, दुपारी चालवा. रात्री पुलावर कव्हर टाका. फक्त एक करा. मशीन उघड्यावर ठेवा, चारी बाजूंना तीन-तीन फूट मोकळे."

मी मान डोलावली. ती बरोबर बोलतेय असंही वाटलं. मग तिनं अंगणात कपाटाएवढं मशीन बसवून दिलं, बटणं समजावली आणि ती गेली. मी अंगणात उभा राहून त्या मशीनकडं बघितलं. नवंकोरं, तांब्याच्या नळ्यांचं, फाटकापासून चाळीस पावलांवर.

रहेमान म्हणाला, "नाना, हे असंच ठेवणार?"

"खुळा आहेस का?"

चार दिवसांत खोली उभी राहिली. चारी बाजूंना तीन-तीन फूट मोकळे सोडूनच भिंती बांधल्या. इंजिनीअर बाईंचा शब्द मी मोडला नाही. वर पत्रा टाकला. दाराला रहेमाननं स्वतः वेल्डिंग केलं, जाड पट्टी लावली आणि म्हणाला, "आता नेऊन दाखवावं कुणी." खिडकी ठेवायची का असं गवंड्यानं विचारलं होतं. मी म्हणालो, खिडकीतून चोर येत नाहीत का?

पहिल्या दिवशी पाणी सतरावरून एकोणीसवर आलं. दुसऱ्या दिवशी एकवीस. तिसऱ्या दिवशी एकवीसच. मी थर्मामीटर बदलला. नवाही तेच दाखवायला लागला. पाचव्या दिवशी खोलीचं कुलूप उघडून आत गेलो तर अंगावर काटा आला. भिंतींना पाणी सुटलेलं, मशीनच्या जाळीवर पांढरं बर्फ. आमच्या पॅकिंग शेडमध्ये द्राक्षं गार करायची खोली असते, अगदी तशी. खरं सांगतो, पहिल्यांदा मनात काय आलं? की एकाच मशीनवर खोली किती झकास गार होते! दोनशे पेट्या सहज राहतील.

मग मी हर्षालीला फोन करून झापलं.

"तुमचं मशीन बोगस आहे. पाणी तापवायचं सोडून बर्फ बनवतंय."

"बर्फ? काका, मशीन उघड्यावर आहे ना?"

"आहे की. म्हणजे खोलीत आहे."

"खोलीला खिडक्या आहेत?"

"नाहीत."

"दार?"

"दार आहे. कुलूप लावलेलं असतं."

  ती फार सभ्यपणे म्हणाली, "काका, ते बिचारं त्याच-त्याच हवेतून उष्णता काढतंय. संपली ती. भिंती पाडा."

फोन ठेवतोय तोच फाटकात रिक्षा थांबली. रविवार होता. रहेमाननं मला न विचारताच भाभींना आणलं होतं. पाणी तापलं असेलच, अशी त्याची खात्री. भाभी काठी टेकत उतरल्या. मागं माहेनूर, हातात टॉवेल आणि शाळेतल्या कंपासमधला कोनमापक, पाय किती वाकतो ते मोजायला. चांगुणा गेल्यावर भाभी एकदाच आल्या होत्या, भेटायला. तेव्हा पुलाकडं बघितलंसुद्धा नव्हतं.

त्यांनी काठावर बसून दुखरा पाय पाण्यात सोडला आणि लगेच वर घेतला.

"या अल्ला! भाऊजी, हे गरम केलेलं आहे?"

मी खोलीकडं बोट दाखवलं आणि सगळं सांगितलं. त्या दारापर्यंत गेल्या, आत डोकावल्या, तोंडातून वाफ निघाली. आणि त्या हसायला लागल्या. काठीवर रेलून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"हवेवर चालणाऱ्या मशीनला कुलूप! आणि दार कुणी केलं?"

रहेमान ट्रॅक्टरकडं बघायला लागला.

"दोन म्हाताऱ्यांनी मिळून एक फ्रीज बांधला. माहेनूर, फोटो काढ गं."

त्या हसत होत्या, पण परत रिक्षात बसताना पाय आत घेता येईना. माहेनूरनं दोन्ही हातांनी तो उचलून ठेवला. तेवढं बघितलं आणि मी घण आणायला गेलो.

पाच दिवस वाया घालवले होते, आता आणखी नाही. रहेमान गॅस कटर घेऊन आला आणि स्वतःचं वेल्डिंग शिव्या देत कापत बसला. भिंती मी पाडल्या. पत्रा काढला. रात्रीसाठी पुलावर बागेतलं जुनं प्लास्टिक ओढलं. चोरांच्या बंदोबस्तासाठी मशीनशेजारी खाट टाकून मीच दोन रात्री झोपलो. तिसऱ्या रात्री सर्दी झाली तेव्हा आत गेलो. मशीन कुणी नेलं नाही.

बुधवारी पाणी बत्तीसवर आलं. गुरुवारी भाभी आल्या.

मी आणि रहेमान द्राक्षांच्या क्रेटवर, पुलाकडं पाठ करून बसलो. मागून पाण्याचा आवाज आला, मग माहेनूरचा, "अम्मी, हळू." मग फेऱ्या. त्या दिवशी ब्याऐंशी भरला. पुढच्या मंगळवारी सत्त्याऐंशी. संक्रांतीच्या तीन दिवस आधी माहेनूर ओरडली, "त्र्याण्णव!" रहेमान उठून उभा राहिला, पाठ फिरवूनच, आणि नेमकं काय करावं ते न सुचून त्यानं माझा हात हलवला.

मी पाठमोराच म्हणालो, "भाभी, ती असती तर..."

"हां, असती तर." पाण्यात चालायचा आवाज चालूच होता.

"दोन हिवाळे ती मागत होती. मी कोटेशनं बघत बसलो."

"माहीत आहे मला. फार शिव्या द्यायची तुम्हाला."

"शिव्या? चांगुणा?"

"मग! इथंच, या पाण्यात. घरात नव्हती देत, इथं द्यायची. एक-एक फेरीला एक."

तीस-पस्तीस वर्षांत मी तिच्या तोंडून एक शिवी ऐकली नव्हती. रहेमान माझ्याकडं बघत होता.

"काय म्हणायची?" मी विचारलं.

"कोटेशनचा किडा. ही पहिल्या फेरीची. मग... थांबा, आठवू द्या. हां. 'दुकानात जाऊन नारळ वाजवून परत येणारा माणूस.' आणि एक तर सुनेसमोर सांगण्यासारखी नाही."

माहेनूर म्हणाली, "सांगा ना अम्मी."

भाभींनी सांगितली. रहेमान क्रेटवरून पडायचा राहिला. मी तोंडावर उपरणं धरलं होतं, कारण आतून जे येत होतं त्यात हसू किती होतं मला सांगता आलं नसतं. शिवी अगदी चांगुणाचीच होती, तिच्याच आवाजात ऐकू आली.

काठाशी पाण्याचा आवाज थांबला. भाभी बाहेर निघण्यासाठी कठडा धरत असाव्यात.

"आणखी असतील ना?" मी विचारलं.

"पुष्कळ आहेत."

"पाय दुखत नसला तर," मी म्हणालो, "आणखी एक फेरी मारा."