मार्टिनच्या दुखवट्याचा कागद

“सांगून कुणाला पटायचं नाही,” देच्कोने सुरुवातच अशी केली, “पण त्या ट्रेडिंगवाल्यांकडून मी माझा लेव्हा न् लेव्हा वसूल केला. तोही घरबसल्या, राकियाचा थेंब न पिता.”

शेवटचं तर खरोखरच कुणाला पटलं नाही.

दुपारची वेळ होती आणि गावच्या भट्टीवर तिघंच होती. भट्टी चालवणारी ग्रोझ्दाना नळीखाली भांडं धरून बसली होती. सुतार नायदेनची आंबवलेली आलुबुखारं राकियासाठी तांब्याच्या हंड्यात उकळत होती. त्याच्यानंतर पाळी देच्कोची, म्हणून तो आपल्या पिपावर बूड टेकून बसला होता. खरं तर तो गप्पच बसणार होता. पण नायदेनने विचारलं, “काय देच्कोदादा, तुझा तो फोनवरचा मार्टिन पैसे देतोय की नुसता रामराम करतोय?” आणि देच्कोच्या जिभेला खाज सुटली.

तीस वर्षं त्याने बस चालवली होती. वाटेत बस बंद पडली की उतारूंना गोष्टीत गुंतवून ठेवावं ते देच्कोनेच. काहींचं म्हणणं असं, की गोष्ट रंगावी म्हणूनच तो बस बंद पाडायचा.

आता खरं काय ते देच्कोला एकट्यालाच ठाऊक होतं. वसंतात त्याने बायकोच्या, रायनाच्या माहेरून आलेल्या मधमाश्यांच्या पेट्या विकल्या आणि चार हजार लेव्हा त्या ट्रेडिंगमध्ये घातले. फोनवर चाराचे अकरा हजार झालेले दिसले. मग त्याने ‘पैसे काढा’चं बटण दाबलं. आधी ओळखपत्र मागितलं, मग विजेचं बिल, मग ओळखपत्र हनुवटीखाली धरून काढलेला फोटो. आणि आता म्हणत होते, अकराशे लेव्हा कर आधी भरा, तीन दिवसांत सगळे पैसे दारात. त्यांचा माणूस मार्टिन रोज सकाळी फोन करायचा, गुडघा कसा आहे विचारायचा. सख्ख्या जावयाने कधी त्या गुडघ्याची चौकशी केली नव्हती. अकराशे घरात होते, पण ते थंडीच्या लाकडांचे. रायनाला सांगायचं, की नोव्हेंबरात लाकूड स्वस्त होतं, आणि सोमवारच्या बसने शहरात जाऊन पैसे पाठवायचे, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. खाते क्रमांकाचा कागद खिशात घडी घालून ठेवला होता. गोष्ट सांगताना त्याचा हात अधूनमधून त्या खिशावर जात होता.

गोष्ट मात्र झकास चालली होती. मार्टिनचा टायवाला फोटो त्याने म्हणे शहरात छापून घेतला, भोवती काळी चौकट घातली आणि खाली लिहिलं: ‘आमच्या अकरा हजारांसह हे आम्हांस सोडून गेले, त्यास आज चाळीस दिवस झाले. शोकाकुल, देच्को आणि रायना.’ असे साठ कागद त्याने गावचा थांबा, गुत्त्याचं दार, विजेचे खांब करत करत थेट शहराच्या बसस्थानकापर्यंत डकवत नेले.

मग काय विचारता! आपल्याकडे खांबावर कागद लागला की माणूस गेलाच. बायकांनी मेणबत्त्या लावल्या. पाद्रीबुवांनी प्रार्थनेत नाव घेतलं. फोन कंपनीने मयताची लाइन कापून टाकली. मार्टिन कचेरीत गेला तर सोबतचे त्याला बघून छातीवर क्रूस काढायला लागले, आणि कँटीनवालीने कॉफी द्यायची नाकारली, कारण मेलेल्या माणसाच्या नावावर उधारी कशी मांडायची? शेवटी त्याची आई बसमधून उतरली, खांब बघून मटकन खाली बसली. घरी जाऊन पाहते तर दिवटा चिरंजीव सूप ओरपतोय. तिने आधी त्याला पोटाशी धरलं आणि मग सुपाचा डाव त्याच्या डोक्यात घातला. तिसऱ्या दिवशी म्हातारी देच्कोच्या दारात हजर. काखेत आंबवलेल्या कोबीची बरणी, आणि कोबीच्या पानापानात नोटा.

“नोटांना वास येत असेल,” नायदेन म्हणाला.

“अजून येतो,” देच्को शांतपणे म्हणाला. “म्हणून तर खर्च करता येत नाहीत.”

“एखादी दाखव की मग.”

“नोटा घरी. पण म्हातारीने माफीची चिठ्ठी दिलीय ना, ती ही बघ,” असं म्हणून देच्कोने खिशातला कागद काढून हवेत नाचवला. जीभ पुढे धावली आणि हात तिच्यामागून गेला. परत खिशात घालणार तोच ग्रोझ्दानाने बसल्या जागेवरून अलगद कागद काढून घेतला. चष्मा चढवून तिने तो जाळाच्या उजेडात धरला. देच्कोच्याच गोल गोल अक्षरात परदेशातल्या बँकेचा लांबलचक क्रमांक होता, आणि त्याखाली: कर, अकराशे, सोमवार.

नळीतून धार पडत होती, ग्रोझ्दाना तिच्याकडेच बघत राहिली.

“देच्को,” ती म्हणाली, “या भट्टीचं भाडं मी कसं घेते?”

“कसं म्हणजे? निघेल त्यातून. दहा लिटरला एक.”

“कधी दारातच कुणाला म्हटलं, आधी घरून राकिया आणून दे, मग तुझी गाळते?”

नायदेन हसला. “असं म्हटलंस तर गाव तुलाच हंड्यात घालील, अक्का.”

देच्को हसला नाही. त्याने मनातल्या मनात अकरा हजारांतून अकराशे वजा केले. किती सोपं होतं. त्या लोकांना जमू नये इतकं अवघड त्यात काहीच नव्हतं. पैसे असते तर त्यांनी त्यातूनच कापून घेतले असते. नळीला धारच नव्हती. जी होती ती फोनच्या काचेवर काढलेली होती.

ग्रोझ्दानाने कागद परत त्याच्यापुढे धरला. देच्कोने तो घेतला, उठला, भट्टीचं दार पायाने लोटून कागद आत टाकला आणि वर एक ओंडका सारला. कागद जळून गेल्यावरही तो तसाच वाकून उभा होता. रायनाला लाकडांचं निदान काही सांगावं लागणार नव्हतं. पेट्यांच्या पैशांचं मात्र सांगावं लागणार होतं, सगळं.

मग तो पिपावर येऊन बसला. नायदेन टक लावून बघतच होता. आयुष्यभर देच्कोने एकही बस मध्येच सोडून दिली नव्हती.

“ते काही असो,” तो म्हणाला, “ते कागद मात्र मी डकवले होते. साठच्या साठ. आणि म्हातारी आली होती.”

“थापा मारू नकोस,” ग्रोझ्दाना धारेवरची नजर न काढता म्हणाली. “गावातला प्रत्येक दुखवट्याचा कागद डकवायची खळ माझ्या चुलीवर शिजते. मार्टिनची कुणी शिजवली होती?”