खिडकीच्या कट्ट्यावरचा आकडा

मी बोलतोय तो एका घरातल्या जेवणाच्या टेबलावरून. रक्तदाब मोजायचं यंत्र आहे मी. घरात सगळे मला बीपीचं मशीन म्हणतात. एरवी आकड्यांपलीकडे मी काही बोलत नाही. पण ह्या घरानं मला खोटारडा ठरवलंय आणि तो शिक्का पुसायला कुणी पुढे येत नाही, म्हणून आज तोंड उघडतोय.

कारखान्यात हातमोजे घातलेल्या एका बाईनं मला पाऱ्याच्या नळीशी जोडून पाहिलं होतं. नळीचा आकडा आणि माझा आकडा ह्यांत तीनपेक्षा जास्त फरक पडला की ते यंत्र लाल टोपलीत जायचं. माझा फरक एकाचा निघाला. ‘पास,’ ती म्हणाली. माझ्याबद्दल कुणी काढलेला तो पहिला शब्द. मला त्याचा फार अभिमान होता.

मला घरी आणलं काकूंनी. काकू एका छापखान्यात मुद्रितं तपासतात. निसटलेला एक अनुस्वारसुद्धा त्यांच्या नजरेतून सुटत नाही. औषधाच्या दुकानात त्यांनी दुकानदाराला पिडून पिडून विचारलं आणि काकांच्या दंडाचं माप चिठ्ठीवर लिहूनच नेलं होतं. दुकानदार म्हणाला, “बरं झालं माप आणलंत. नेहमीचा पट्टा ह्या दंडाला आवळला असता आणि आकडा उगाच वर गेला असता. मोठा पट्टा देतो.” इतकी काळजी घेऊन आणलेलं मी यंत्र. खोटं बोलायला मला जागाच ठेवली नव्हती.

काका टॉवर क्रेन चालवायचे. बांधकामावरचे लोक त्यांना आभाळकाका म्हणत. सकाळी शिडी चढून एकदा काचेच्या केबिनमध्ये बसले की संध्याकाळीच खाली. तिथून सगळं शहर दिसतं, असं ते जेवताना सांगायचे, आणि सांगताना घास हातातच राहायचा.

दर सहा महिन्यांनी कंपनीचे डॉक्टर त्यांना तपासत. बीपी जास्त निघालं की त्या माणसाला क्रेनवरून उतरवून गोदामात बसवायचा नियम होता. मागच्या तपासणीत रोजची गोळी चालू असूनही काकांचं जास्त निघालं. पण डॉक्टर समजूतदार होते. म्हणाले, “काही जणांचं दवाखान्यात आलं की उगाच वाढतं. घरी मशीन घ्या. चौदा दिवस सकाळ-संध्याकाळ मोजा, लिहून आणा. मी घरच्या आकड्यांची सरासरी धरतो. दीडशेच्या आत आली तर क्रेन चालू.”

म्हणजे सगळा भार माझ्यावर आला. मला त्याचं काही वाटलं नाही. मी त्यासाठीच तर होतो.

पहिले तीन दिवस सगळं रीतसर झालं. काका खुर्चीत टेकून बसायचे, पाय जमिनीवर, हात टेबलावर. पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही. एकशे साठ, एकशे बासष्ट, एकशे अठ्ठावन्न. काकू चष्मा सावरून वहीत लिहायच्या आणि त्यांचा चेहरा उतरायचा. काका म्हणायचे, “अगं, मशीन नवीन आहे. सरावेल.”

चौथ्या दिवशी काकूंना फोन आला म्हणून त्या आत गेल्या. काका मला घेऊन खिडकीपाशी बुटक्या स्टुलावर बसले आणि बाहेर बघत त्यांनी कोपर खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं. दंड खांद्याच्याही वर गेला. माझा पट्टा जिथं गुंडाळलेला असतो तिथला दाब मी सांगतो. हात छातीच्या पातळीवर असला तर तो हृदयाचा दाब असतो. हात वर उचलला की रक्ताला चढ चढावा लागतो, आणि तिथं पोचेपर्यंत त्याचा जोर उतरतो. मी जे मिळालं ते सांगितलं. एकशे चव्वेचाळीस.

काकांनी आकडा पाहिला. मग कट्ट्याकडे पाहिलं. उठून टेबलाशी गेले, हात टेबलावर ठेवून मोजलं. एकशे साठ. पुन्हा कट्ट्यावर. एकशे बेचाळीस. मग त्यांनी आत आवाज दिला, “अगं, लिही. एकशे बेचाळीस!”

काकू धावत आल्या. “खरंच?”

“मशीन खोटं बोलतंय का? बघ की.”

त्यांनी बघितलं. माझ्या पडद्यावर तोच आकडा होता. त्या हसल्या, आणि त्या हसण्यानं मी गार पडलो.

त्या दिवसापासून काकांची बसायची जागा खिडकी झाली. “इथं उजेड चांगला आहे,” ते म्हणायचे. काकू चहा टाकता टाकता आकडा विचारायच्या आणि सुवाच्य अक्षरात लिहायच्या. डॉक्टरांनी वही पाहिली, माझ्या पोटात साठवलेले आकडेही तपासले. वहीतला एकूण एक आकडा त्यांत सापडला. गोळी वाढवायची ती वाढवली नाही. कागदावर सही झाली आणि काका पुन्हा शिडी चढले.

पुढचं मी ऐकलेलं सांगतो. दीड महिन्यानं एका सकाळी लोखंडी सळयांचा भारा हवेत असताना काकांचा उजवा हात लुळा पडला. खाली सिग्नल देणारा माणूस वॉकीटॉकीवर ओरडत होता, “काका, थांबा! काका!” उत्तर येईना. काकांनी डावा हात ओढून उजवीकडच्या दांड्यावर नेला आणि भारा बाजूच्या मोकळ्या जागेत टेकवला. कुणाला खरचटलंही नाही. त्यांना शिडीवरून खाली आणायला चार माणसं आणि पाऊण तास लागला.

मला काकूंनी पिशवीतून इस्पितळात नेलं. वहीही होती. तिथल्या डॉक्टरीणबाई वही चाळत म्हणाल्या, “आल्या आल्या ह्यांचं बीपी एकशे नव्वद होतं. आधी काही कळलं नाही?”

“कळणार कसं?” काकूंचा आवाज फाटला. “ह्या मेल्या मशीननं आमचा घात केला! रोज चांगलंच दाखवत होतं. हो ना हो?”

काकांना तेव्हा बोलता येत नव्हतं. पण ऐकू सगळं येत होतं. त्यांनी पिशवीतून डोकावणाऱ्या माझ्याकडे पाहिलं, डोळे मिटले आणि मान डोलावली.

काकू मला परत करायला दुकानात गेल्या. दुकानदार म्हणाला, “आधी दवाखान्यात ताडून बघा.” तिथल्या सिस्टरनं काकूंच्याच, काकांइतक्याच भरलेल्या दंडावर एकदा दवाखान्याचं यंत्र, एकदा मला, असं तीनदा आळीपाळीनं लावलं. फरक दोनाचा.

“मशीन चोख आहे, काकू. मोजताना हात कुठं असायचा त्यांचा?”

“खिडकीच्या कट्ट्यावर,” काकू म्हणाल्या, आणि स्वतःचाच हात हळूहळू वर नेऊन बघत राहिल्या.

काका घरी आले तेव्हा बोबडं का होईना, बोलू लागले होते. काकूंनी मला त्यांच्यासमोर ठेवलं.

“तुम्हाला माहीत होतं?”

“खाली बसवलं असतं मला,” काका म्हणाले.

“आणि मी? माझ्या हातानं लिहून घेतलंत ते सगळं. दुसऱ्याच्या चुका शोधण्यात जन्म गेला माझा.” त्या रडल्या नाहीत. काकांचा हात उचलून त्यांनी टेबलावर ठेवला, खाली उशी सारली आणि माझं बटण दाबलं.

मला वाटलं, आता माझी सुटका झाली.

गेल्या आठवड्यात तो सिग्नल देणारा माणूस भेटायला आला. भाऱ्याखाली तोच उभा होता. काकांचे पाय धरून म्हणाला, “तुम्ही होतात म्हणून वाचलो.” मग मला पाहून म्हणाला, “हेच का ते बिघडलेलं मशीन? माझ्या वडलांसाठी घ्यायचंय. कंपनी सांगा, म्हणजे ते सोडून दुसरं घेतो.”

काका उशीच्या शिवणीवरून बोट फिरवत राहिले. मी काकूंची वाट पाहिली. त्यांना सगळं ठाऊक होतं. त्यांनी एकदा नवऱ्याच्या लुळ्या हाताकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

“हो,” त्या म्हणाल्या. “हेच ते. नीट दाखवत नव्हतं.”

त्यानं मला उलटं करून माझं नाव फोनमध्ये लिहून घेतलं.

आजही सकाळी काकू मलाच लावतात. दार लोटून घेतात, हात छातीच्या पातळीला आणतात, पाच मिनिटं गप्प बसवतात. आज एकशे छत्तीस आलं, आणि ते खरं होतं. दोघांचाही माझ्यावर पूर्ण विश्वास आहे. बाहेर कुणाला ते सांगणार नाहीत, एवढंच.

तुमच्याही घरी माझा एखादा भाऊबंद असेल. त्याच्याकडून हवा तो आकडा काढून घेणं फार सोपं आहे, हात थोडा उचलला की झालं. तेवढं करू नका. आणि त्या सिग्नलवाल्याच्या वडलांना कुणी ओळखत असाल, तर माझा एक निरोप द्या. मी बिघडलेलो नव्हतो.