तिघांचं शेवटचं पाणी

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही. पण गोष्ट त्यांचीच आहे, तेव्हा एकदाच घेते: बिराप्पा. पुढं मी आपली 'धनी'च म्हणेन. धनी मराठा पलटणीत लांगरी होते, म्हणजे शिपायांचे सैपाकी. इटलीच्या लढाईत त्यांनी बंदूक झाडली नाही. डाळ शिजवली, रोट्या भाजल्या आणि अंधार पडला की डाळीच्या मोठाल्या डेगा खेचरांवर लादून डोंगरावरच्या शिपायांना पोचवल्या. त्या लढाईतून त्यांनी माझ्यासाठी काय आणलं म्हणाल, तर माझ्या भाकरीला नावं ठेवायचा अधिकार.

येरळाकाठच्या आमच्या गावातून चौघे गेले होते. जोतीराम, आकाराम आणि शमशेर तिघं एकाच सकाळी, एकाच टेकडीवर पडले. सेहेचाळीसच्या शिमग्याला धनी एकटेच परत आले. ट्रंक ओसरीवर टेकवतात तोच जोतीरामची आई बनुबाई दारात उभी. तिनं लढाईचं काही विचारलं नाही.

"माज्या लेकाच्या तोंडात शेवटी पानी कुनी घातलं का रं?"

धन्यांनी जोतीरामला मरताना पाहिलंच नव्हतं. ते टेकडीच्या खूप मागं, चुलीपाशी होते. पण म्हातारीचं तोंड बघून त्यांच्याच्यानं राहवलं नाही.

"म्या घातलं, मावशी. माज्या मांडीवर डोकं हुतं. दोन घोट प्याला, 'आई' म्हनला आन् गेला."

बनुबाई रडली नाही. डोक्यावरचा भारा उतरवावा तशी ती पायरीवर खाली बसली.

दिवे लागायच्या आत आकारामची आई राहीबाई आली. दुसऱ्या दिवशी पिंजाऱ्याची मेहरुनबी, शमशेरची आई. प्रश्न तोच आणि उत्तरही तेच. मेहरुनबीला एवढंच जास्तीचं सांगितलं, की एका मुसलमान शिपायानं कानात कलमा म्हटला. आणि तिघींनाही वेगवेगळं गाठून धन्यांनी बजावलं, "कुनाजवळ बोलू नगा. बाकीच्या दोघांना ह्ये मिळालं न्हाई. त्यांच्या आयांना लय लागंल."

हे सगळं त्यांनी मला सांगितलं तेव्हा मी कपाळावर हात मारला. "आवं, मांडी एक आन् डोकी तीन? त्या तिघी एका पानवठ्यावर पानी भरत्यात!"

"मग काय सांगायचं हुतं?" ते म्हणाले.

त्या दिवसापासून ते अडकले. बेंदराच्या सणाला बनुबाईची पुरणपोळी, मधेच कधी राहीबाईची धपाटी, ईदेला मेहरुनबीचा शिरखुर्मा. ताट पुढं आलं की मागोमाग यायचं, "सांग की रं पुन्यांदा." मग धनी पुन्हा सांगायचे. मांडी, डोकं, दोन घोट. घरी आले की भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे. एवढं गोडधोड खाऊन माणूस वाळत चालला होता. तिघींना वाटायचं, मी जेवायला घालत नाही!

सांगलीला विश्रामबागेत कॉलेजच्या पोरांची खाणावळ होती, तिथं त्यांना बोलावणं आलं होतं. राहायला खोली, दारात नळ. मी भांडीकुंडी पोत्यात भरून तोंड बांधून ठेवलं. धनी रोज म्हणायचे, "जाऊ. पर त्या आयांना अशी फसवून कसा जाऊ?" सांगवेना आणि जाववेना. पोतं दाराशी तसंच. कोंबडी त्याच्यामागं अंडी घालायला लागली. मला तर त्या तिघी म्हाताऱ्यांचा राग यायचा, खोटं कशाला बोलू. माझा नवरा त्यांनी मेलेल्या पोरांच्या जागी दावणीला बांधला होता.

एक गोष्ट मात्र मला दिसत होती आणि उमगत नव्हती. बनुबाई आणि राहीबाईचा बांधावरून उभा दावा. पण त्या पावसाळ्यात बनुबाई न बोलावता राहीबाईच्या भुईमुगातलं तण भांगलायला गेली. राहीबाईनं मेहरुनबीच्या घरी दूध धाडायला सुरुवात केली. मेहरुनबीनं दोघींना थंडीआधीच वाकळा शिवून दिल्या. मला वाटलं, दुःखानं माणसं शहाणी होतात.

दसऱ्याला गावानं चावडीसमोर दगड उभा करायचं ठरवलं. पुढाकार पेन्शनर सुभेदार लालासाहेबांचा. चावडीच्या भिंतीत आधीच्या लढाईची एक फरशी होती, तिच्यावर किती गेले आणि किती मेले एवढंच. "मागल्या येळी सरकारनं नुस्ता आकडा लिवला," सुभेदार म्हणाले. "आता नावं पायजेत." पारावर गांधीटोपीवाली तरणी पोरं तणतणली, की गोऱ्यांच्या लढाईत मेलेल्यांचा कसला मान? सुभेदार म्हणाले, "लढाई त्यांची हुती. मेली ती पोरं आपली हुती."

आणि त्यांनी धन्यांना हुकूम सोडला, "बिराप्पा, तू हुतास तितं. समद्यांम्होरं सांग, पोरं कशी गेली."

दसऱ्याच्या सकाळी धनी पटका बांधायचे, सोडायचे, पुन्हा बांधायचे. शेवटी म्हणाले, "अंजे, आज खरं सांगनार."

"काय सांगनार?"

"त्या राती म्या नेहमीवानी डाळ केली. डेगा वर गेल्या आन् तशाच भरलेल्या खाली आल्या. खायाला मानसंच न्हवती. ती डाळ म्या माज्या हातानं वतून दिली. त्यांच्या मरनाचं मला एवढंच ठावं हाय."

किती महिने मीच मागं लागले होते, की काय ते सांगून मोकळे व्हा. आता मात्र मलाच ते नको झालं. त्या तिघींजवळ लेकराचं म्हणून काय उरलं होतं? दोन घोट पाणी. तेही आज जाणार होतं.

चावडीपुढं एकाच घोंगडीवर तिघी बसल्या होत्या, प्रत्येकीपुढं पाण्यानं भरलेला तांब्या. मी त्यांच्या मागंच होते. सुभेदारांनी दगडावरचं फडकं ओढलं. एका ओळीत, शेजारी शेजारी तीन नावं. धनी उभे राहिले.

"मी लांगरी हुतो," ते म्हणाले. "त्या दिशी मी..."

बनुबाई उठली. सरळ त्यांच्यापाशी गेली आणि हळूच म्हणाली, "नगं सांगू, बाबा. माजा प्याला, त्ये मला ठावं हाय. पर ह्या दोघींनी ऐकून काय करावं? त्यांची तशीच गेली."

"मावशी, ऐका तरी..."

तोवर राहीबाईनं दुसरीकडून त्यांची बाही धरली. "आरं, ह्या दोघींकडं बघ जरा. आपलं आपल्यापाशी ऱ्हाऊ दे." मेहरुनबी जागची उठली नाही. तिनं ओठांवर बोट ठेवलं, शेजारच्या दोघींच्या रिकाम्या जागांकडं बघितलं आणि मान हलवली. तिचे डोळे भरून आले होते.

सुभेदारांना वाटलं, बायकांना ऐकवत नाही. त्यांनी सलामीचा हुकूम दिला.

मग तिघी पाणी घालायला पुढं झाल्या. बनुबाईनं आकारामच्या नावावर धार धरली, मग शमशेरच्या. जोतीरामच्या नावावर थेंब पडू दिला नाही. राहीबाईनं जोतीराम आणि शमशेरला पाजलं. मेहरुनबीनं तांब्या उपडा करून शेवटचं पाणी जोतीराम आणि आकारामच्या अक्षरांत बोटांनी भरलं. आपल्या लेकाला कुणीच घातलं नाही. तो तर पिऊन गेला होता. प्रत्येकीला तहान दिसत होती ती दुसरीच्या पोराची.

गाव फुलं वाहत होतं, कुणाच्या ध्यानात आलं नाही. धनी सलामीचा हात कपाळाला लावून उभे होते. सगळ्यांनी हात खाली घेतले तरी त्यांचा खाली येईना.

घरी आल्यावर त्यांनी पटका सोडून खुंटीला अडकवला. दाराशी बसून मी पोत्याचं तोंड सोडलं, मागची अंडी काढली आणि भांडी एकेक करून परत फळीवर मांडायला लागले. रडू येत होतं. सांगलीच्या नळाचं होतं की त्या दगडावरच्या पाण्याचं, कुणास ठाऊक.

तेवढ्यात बाहेरून बनुबाईची हाक आली, "बिराप्पा, उद्या जेवायला ये रं माज्याकडं. पुन्यांदा सांग मला समदं."

धन्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घालून हातातली कळशी पुसत राहिले.

"येतो, मावशी," ते म्हणाले.